वाट बदलणारी चिकाटी

मृगाचा पाऊस पडून जमीन नीट भिजली की एखाद्या संध्याकाळी वारा पडतो, हवा उबदार आणि दमट होते, आणि मातीतल्या बारीक भोकांमधून पंखवाल्या मुंग्या बाहेर येऊ लागतात. दिवेलागणीला त्या घराघरांत शिरतात. त्यांच्या जोडीला वाळवीची पाखरंही असतात आणि बहुतेकांना दोन्ही सारखीच वाटतात. ओळख तशी सोपी आहे. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात आणि तिला कंबर अशी नसतेच. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान आणि कंबर अगदी बारीक.

मरणकाळी मुंगीला पंख फुटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. उडालेल्या बहुतेक मुंग्यांच्या बाबतीत ती खरीही ठरते. नर थोड्याच काळात मरून जातात. राण्यांपैकी कितीतरी पालींच्या, बेडकांच्या, पाखरांच्या पोटात जातात. पण जी राणी वाचते ती जमिनीवर उतरते, पायांनी स्वतःचे पंख स्वतःच खुडून टाकते आणि मऊ माती बघून खाली शिरते. तिच्याबरोबर कामाला कुणी नसतं, शिदोरी नसते. पुढे हजारोंची होऊ शकणारी वसाहत त्या घटकेला एकट्या तिच्या पोटात असते.

अशी राणी परीक्षानळीत ठेवून तिची वसाहत वाढवायची, हा माझा छंद आहे. माझा जीव डोंगळ्यांवर. कुणी त्यांना मुंगळे म्हणतात. शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. पुण्यात कुठल्याही जुन्या झाडाच्या बुंध्याशी, अंगणाच्या कडेला, बाभळीच्या फांदीवर ते दिसतात. बाभळीवर रस शोषणारे लहान किडे असतात. डोंगळे त्यांची राखण करतात आणि त्यांच्याकडून गोड थेंब घेतात. राणी दीड सेंटिमीटरहून अधिक लांब, जाड, काळी. एकदा नीट पाहिली की दुसऱ्या कुठल्या मुंगीशी घोटाळा होत नाही.

मुंग्या पाळतो म्हटलं की समोरचा माणूस थबकतो. मुंग्या घालवायच्या असतात, त्यांच्यासाठी खडूची रेघ ओढायची असते, साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायचा असतो. माझी आजी मात्र वारुळापाशी रवा-साखर घालायची आणि घालून झाल्यावर थोडा वेळ तिथेच उभी राहून बघायची. माझ्या छंदाचं मूळ मी तिथे शोधतो.

सुरुवातीच्या पावसाळ्यांत माझ्याकडच्या राण्या मेल्या. एक-दोन तरी जगल्या असं नव्हे, सगळ्याच गेल्या. या छंदात शिरलेल्या बहुतेकांची कहाणी इथूनच सुरू होते आणि पुष्कळांची इथेच संपते. म्हणून त्या मरणांबद्दल लिहावंसं वाटतं.

नळीची रचना साधी असते. तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणीसाठी दोन-तीन इंच मोकळी जागा आणि तोंडाशी दुसरा बोळा, हवा जाईल इतपत सैल. आतल्या कापसातून ओलावा झिरपत राहतो. नळी अंधारात ठेवायची. अन्न द्यायचं नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून प्रत्येक जण कळवळतो. शेजारचा मुलगा तर दाराशी उभा राहून म्हणाला होता, “काका, निदान साखरेचा एक दाणा तरी टाका ना! ती उपाशी मरेल.”

ती उपाशी मरत नाही, याचं कारण तिच्या छातीत असतं. उडण्यासाठी तिथे मोठाले स्नायू असतात आणि पंख गळाल्यावर त्यांचं काम संपतं. फ्रान्समधले अभियंते शार्ल जाने यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राणीच्या छातीचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, की हे स्नायू हळूहळू विरघळत जातात. त्यांचं आणि अंगातल्या चरबीचं अन्न होतं आणि त्यावरच राणी पहिल्या अळ्यांना भरवते. ज्या बळावर ती आकाशात गेली ते बळ ती मुलींच्या तोंडी घालते. डोंगळ्यांच्या जातकुळीला आणखी एक आधार असतो: त्यांच्या आतड्याच्या पेशींत राहणारे ब्लॉखमानिया नावाचे जिवाणू काही आवश्यक अमिनो आम्लं तयार करून देतात. सगळी तयारी अशी आतल्या आत झालेली असते. बाहेरून टाकलेला साखरेचा दाणा ओलाव्याने पाघळतो आणि बुरशीला आमंत्रण देतो.

माझ्या नळ्यांमधलं पहिलं मरण अंड्यांचं होतं. लांबट, पांढरी, एकमेकांना चिकटलेली अंडी राणी जबड्यात धरून सारखी चाटत असायची. चाटल्यामुळे त्यांच्यावर बुरशी धरत नाही. मी रोज रात्री विजेरीच्या उजेडात ती बघायचो. काही दिवसांनी अंडी कमी दिसू लागली, मग एक दिवस एकही उरलं नाही. राणीने ती खाल्ली होती. तिचा हिशोब चोख असतो. जागेला हादरे बसत असतील, पुन्हा पुन्हा उजेड पडत असेल, तर ती जागा धोक्याची. तिथे अंडी वाढणार नाहीत. मग त्यांत घातलेलं बळ वाया का घालवायचं? परत पोटात घ्यायचं आणि दिवस बरे आले की पुन्हा घालायची.

दुसरं मरण पाण्याचं. दुपारच्या उन्हाने खोली तापली की नळीतल्या पाण्यात अडकलेला हवेचा बुडबुडा फुगतो आणि पाण्याला कापसातून पुढे ढकलतो. पाऊण-एक इंच पाणी राणीच्या खोलीत आलं तरी अळ्या बुडतात. तिसरं मरण बुरशीचं. चौथं असं, की ज्याला मरण म्हणावं की नाही हा प्रश्न पडावा: राणी धडधाकट, अंडी भरपूर, पण एकही कामकरी मुंगी जन्माला येत नाही. मुंग्यांमध्ये फळलेल्या अंड्यातून मादी होते आणि न फळलेल्या अंड्यातून नर. उड्डाणात जिचं मीलन झालं नाही अशी राणीही कधी कधी पंख टाकते, जागा धरून बसते, अंडी घालते. तिच्या हातून कामकरी मुंगी कधीच घडणार नसते आणि कामकरी नाही म्हणजे वसाहत नाही. काचेबाहेरून हे ओळखण्याचा मार्ग नसतो. नुसती वाट बघायची असते.

या काळात मला भेटणारी माणसं धीर द्यायची. “चिकाटी सोडू नका, मुंगीकडूनच शिका.” भिंतीवर चढताना पडणारी, पुन्हा चढणारी मुंगी आपल्या सगळ्यांच्या लहानपणी शाळेत भेटलेली आहे. त्या गोष्टीवर माझा फार विश्वास होता. पण पुन्हा पुन्हा तेच केल्यावर पुन्हा पुन्हा तेच झालं. नळी तीच, कपाट तेच, विजेरी तीच आणि राणीची अखेरही तीच. चिकाटी कमी नव्हती. कमी काय होतं ते मला पुण्यातल्याच एका जुन्या मुंगीने दाखवलं.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी दख्खनच्या पाहणीसाठी इकडे बरीच वर्षं होते. 1835 साली लंडनच्या कीटकशास्त्रीय संस्थेच्या अंकात त्यांनी इथल्या काही मुंग्यांवर लेख लिहिला. पावसात भिजलेलं गवताचं बी वर आणून उन्हात वाळवणाऱ्या पुण्याच्या मुंग्या त्यांनीच प्रथम नोंदवल्या. त्याच लेखात त्यांच्या पुण्यातल्या घरचा एक प्रसंग आहे. जेवणघराच्या व्हरांड्यात एका टेबलावर फळं आणि गोड पदार्थ झाकून ठेवलेले असत. मुंग्या येऊ नयेत म्हणून टेबलाचे चारही पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवलेले आणि टेबल भिंतीपासून इंचभर दूर. मुंग्यांनी काही दिवसांनी पाणी ओलांडलं. मग पायांना पाण्याच्या वर टर्पेंटाइनचा पट्टा दिला गेला. थोडे दिवस गोड सुरक्षित राहिलं आणि पुन्हा मुंग्या लागल्या. त्या येतात कुठून हेच कळेना. शेवटी साइक्सना दिसलं, की एक मुंगी भिंतीवर टेबलाच्या वर फूटभर चढते आणि तिथून अंग सोडून खालच्या कापडावर पडते. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी.

या मुंग्यांनी पाणी, टर्पेंटाइन आणि भिंत यांच्याशी एकाच पद्धतीने झुंज दिली नाही. जी वाट बंद झाली ती त्यांनी सोडली; टेबल मात्र सोडलं नाही. मुंग्यांच्या रांगेचं शास्त्रही हेच सांगतं. अन्न सापडलेली मुंगी परतताना जमिनीवर गंधाची रेघ ओढते. मागून येणारीला अन्न मिळालं तर ती त्याच रेघेवर आपला गंध घालते आणि रेघ ठळक होते. अन्न संपलं की परतणारी मुंगी काही घालत नाही आणि गंध उडून जातो. मुंग्यांचे अभ्यासक ई. ओ. विल्सन यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला आगमुंग्यांवर केलेल्या प्रयोगांत एका मुंगीने ओढलेली रेघ दोनेक मिनिटांतच विरत होती. निष्फळ वाट विसरण्याची सोय मुंग्यांच्या कारभारात अशी मुळातच आहे. ती रेघ कायमची टिकली असती, तर संपलेल्या अन्नाच्या जागेकडे वसाहत येरझारा घालत उपाशी मेली असती. शाळेतल्या गोष्टीने मुंगीचं पडणं आणि चढणं सांगितलं. वाट बदलणं सांगायचं राहून गेलं.

मी एक वही घातली. प्रत्येक राणीला एक पान. कुठे सापडली, किती पाऊस झाला होता, नळी कुठे ठेवली, कितीदा पाहिली, काय दिसलं, कशाने गेली. आणि एक नियम: पुढच्या राणीच्या वेळी एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. मरणाचं कारण लिहून ठेवलं की ते मरण पुढच्या राणीच्या उपयोगी पडतं. लिहिलं नाही तर उरतं फक्त दुःख आणि दुःखाने नळीतलं काही सुधारत नाही.

विजेरीचा प्रश्न सुटला तो जॉन लबक यांच्या प्रयोगांमुळे. हे लंडनचे बँकर, पार्लमेंटचे सभासद आणि चार्ल्स डार्विनचे शेजारी. काचेच्या दोन तावदानांमध्ये माती घालून ते मुंग्या पाळत आणि पळून जाऊ नयेत म्हणून भोवती पाणी ठेवत. मुंग्यांना रंग कसे दिसतात हे बघायला त्यांनी घरट्यावर रंगीत काचा ठेवल्या. जांभळ्या काचेखालून मुंग्या आपले कोष उचलून दूर नेत आणि लाल काचेखाली निवांत बसत. लाल प्रकाश त्यांना अंधारासारखाच असतो. आपल्याला न दिसणारे अतिनील किरण मुंग्यांना जाणवतात, हेही लबक यांनीच दाखवलं. 1882 साली त्यांचं मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरचं पुस्तक निघालं. फॉर्मिका फुस्का जातीची एक राणी त्यांच्याकडे 1874 च्या डिसेंबरात आली आणि 1888 च्या ऑगस्टपर्यंत जगली. मी नळीला लाल जिलेटिन कागद गुंडाळला आणि बघण्याचे दिवस लांबवले. अंडी राहिली.

पाण्याचा प्रश्न जागा बदलून सुटला. नळी खिडकीजवळच्या कपाटातून काढून आतल्या खोलीत, जमिनीलगत, जाड कापडाच्या घडीवर ठेवली. तिथे तापमान फारसं हलत नाही आणि दार आपटल्याचा हादराही पोचत नाही. पाणी भरताना बुडबुडा राहू द्यायचा नाही, हे वहीनेच सांगितलं. पुढचा अडथळा कोषाचा. डोंगळ्याची अळी स्वतःभोवती रेशमी कोष विणते आणि विणायला सुरुवात करताना तिला धागा अडकवायला काहीतरी खरबरीत लागतं. जमिनीखाली माती असते. गुळगुळीत काचेवर धागा ठरत नव्हता. अळ्या अर्धवट कोषात सुकत होत्या. धुऊन वाळवलेल्या वाळूचे मोजके कण नळीत टाकले. राणीने ते जबड्याने उचलून अळ्यांभोवती रचले आणि कोष धड झाले.

डोंगळ्यांना अंड्यापासून मुंगीपर्यंत साधारण महिना-दीड महिना लागतो. पहिली कामकरी मुंगी बाहेर येताना मी पाहिली, ती लाल कागदातून. बदामी रंगाच्या कोषाच्या एका टोकाशी राणी बराच वेळ मिशा लावून उभी होती. मग तिने जबड्याने ते टोक कातरलं, धागे ओढून भोक मोठं केलं आणि आतलं फिकट, दुधट पिवळं अंग हळूहळू बाहेर घेतलं. पाय अजून पोटाशी दुमडलेले होते. राणी एकेक पाय चाटून मोकळा करत होती. कोषातली मुंगी पुष्कळदा आपलं आपण बाहेर येऊ शकत नाही. कुणीतरी दार उघडावं लागतं. एखाद-दोन दिवसांत तिचा रंग गडद झाला. पहिल्या खेपेच्या मुंग्या नेहमीच्या डोंगळ्यांपेक्षा बऱ्याच लहान असतात, कारण त्यांच्या वाट्याला राणीच्या अंगातलं मोजकंच अन्न आलेलं असतं.

त्यानंतर नळीच्या तोंडाशी मधपाण्याचा थेंब ठेवला. ती लहानगी आली, मिशांनी थेंब चाचपला आणि पिऊ लागली. पोट फुगलं तसे त्याच्यावरचे काळे पट्टे एकमेकांपासून सरकले आणि मधल्या पातळ त्वचेतून आतला मध झळकू लागला. मग ती मागे गेली आणि राणीच्या तोंडाला तोंड लावून उभी राहिली. दोघींच्या मिशा एकमेकींच्या डोक्यावर झरझर फिरत होत्या. उड्डाणाच्या संध्याकाळपासून राणीच्या पोटात गेलेलं हे पहिलं बाहेरचं अन्न. इतके आठवडे जिने फक्त दिलं तिला प्रथमच कुणी भरवत होतं. मी जे काही शिकलो त्याचं मोल मला त्या क्षणी पुरेपूर मिळालं.

पुढच्या टप्प्यावरही वसाहती जातात. पाच-दहा मुंग्या झाल्या की ऐसपैस घर द्यावंसं वाटतं. पण मोठ्या घरात त्या कोपऱ्यात कचरा टाकतात, तिथे बुरशी धरते आणि ओलावा सांभाळता येत नाही. बाजारातल्या फळावर फवारणीचा अंश असला तर एका रात्रीत मुंग्या आडव्या पडतात. भांड्याच्या कडेला टाल्कम पावडर आणि स्पिरिटचा लेप दिला की मुंग्या घसरतात, पण पावसाळ्याच्या दमट हवेत लेप दगा देतो. घराबद्दलचं उत्तर जाने यांच्याकडेच होतं: त्यांनी प्लॅस्टरची घरटी केली, त्यांत एका टोकाला पाणी मुरायचं आणि खोल्या ओल्यापासून कोरड्यापर्यंत ओळीने असायच्या. अंडी कुठे, अळ्या कुठे, कोष कुठे हे मुंग्या स्वतः ठरवत. पाळणाऱ्याने सगळं बरोबर ठरवावं अशी गरजच नाही. निवडीला जागा ठेवावी, निवड त्या करतात.

एक गोष्ट मात्र मनावर घेतली पाहिजे. रानातही बहुतेक राण्यांची वसाहत उभी राहत नाही; म्हणूनच एकेका घरट्यातून इतक्या राण्या उडतात. पण तिथलं मरण कुणाच्या तरी पोटात जातं, मातीला मिळतं. नळीतलं मरण फक्त पाळणाऱ्याच्या माथी. त्यामुळे राणी आणताना हात आखडता हवा. वारूळ खणून राणी काढू नये. उडून, पंख टाकून जमिनीवर फिरणारी एकटी राणीच घ्यावी. परक्या मुलखातली जात विकत मागवू नये. ख्रिसमस बेटावर बाहेरून पोचलेल्या पिवळ्या वेड्या मुंग्यांनी लक्षावधी तांबडे खेकडे मारले, हे आपल्या डोळ्यांसमोर आहे. सांभाळणं जमणार नसेल तर राणी जिथून आणली तिथेच सोडावी. आणि हा काही एका पावसाळ्याचा खेळ नाही, हे आधीच ओळखावं. लॅसियस नायगर जातीची एक राणी युरोपात बंदिवासात 28 वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे.

यंदा मृगानंतर एखाद्या सकाळी अंगणात किंवा जिन्यात पंख टाकलेली एकटी, जाड, काळी राणी फिरताना दिसली, तर तिला केरसुणीने झाडू नका. पाळायची असेल तर एकच राणी घ्या, एक नळी घ्या आणि एक वही घ्या. ती जगली नाही तर कारण शोधून लिहा, पुढच्या पावसाळ्यात त्यातली एक गोष्ट बदला आणि पुन्हा ठेवा. पाळायची नसेल तर तिला झाडाच्या बुंध्याशी, ओल्या मातीवर सोडून द्या. पुढचं काम तिला येतं.